अंगठ्याएवढ्या योद्ध्यावरचा प्रकाश

१७० सेंटिमीटर उंचीच्या मनुष्याची प्रत्येक मिती साठाने भागली असता जी आकृती उरते, तिची उंची सुमारे २८ मिलिमीटर भरते. आणि अद्भुतरम्य युद्धखेळांच्या पटावर वावरणारे ऑर्क, बुटके, चेटकिणी, चिलखती सरदार आणि सांगाड्यांच्या पलटणी गेली कित्येक दशके बहुतांशी याच प्रमाणाच्या आसपास घडविल्या जात आहेत. अशी लघुमूर्ती हातात धरून ४० सेंटिमीटरांवरून न्याहाळली, की ती आपल्या दृष्टीला २४ मीटरांवर उभ्या असलेल्या खऱ्या माणसाएवढी दिसते. एवढ्या अंतरावरच्या माणसाच्या पापण्या, ओठांची कड, अंगरख्याची शिवण किंवा तलवारीच्या धारेवरचा चकाकता बिंदू आपल्याला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून आपण तक्रारही करीत नाही. परंतु लघुमूर्ती आपण हातात घेतो ती जवळून पाहण्याच्याच इच्छेने, आणि म्हणून दुरून पुसट होणारे ते सारे तपशील तिच्यावर स्पष्ट उमटलेले असावेत, अशी आपली अपेक्षा असते. मूर्तिकार आपल्या परीने ही अपेक्षा पुरी करतो : मस्तक, हातांचे पंजे, आयुधे ही अंगे तो प्रमाणाहून मोठी घडवितो आणि वस्त्राच्या चुण्या अधिक खोल कोरतो. उरलेली कामगिरी रंगविणाऱ्याच्या वाट्याला येते. ती केवळ रंग भरण्याची आहे असे धरून चालल्यामुळेच बहुतेक नवशिक्यांचा हात एका टप्प्यावर येऊन अडतो, कारण वास्तविक ती प्रकाश भरण्याची कामगिरी आहे.

आपण ज्या खोलीत बसून काम करतो तिच्यात प्रकाश कधीच एका दिशेने येत नाही. खिडकी, छताखालची ट्यूबलाइट, पांढऱ्या भिंती आणि खुद्द टेबलाचा पृष्ठभाग अशा चहूकडून तो मूर्तीवर येऊन पडतो, आणि अर्धा मिलिमीटर खोलीच्या चुणीत जी काही सावली साचते ती इतकी अरुंद आणि इतकी क्षीण असते, की डोळ्याला तिचा अंश जेमतेम जाणवतो. माळावर भर उन्हात उभ्या असलेल्या घोडेस्वाराच्या टोपाखाली, बाहीच्या घडीत, ढालीच्या पाठीमागे ज्या गडद छाया दिसतात आणि ज्यांच्यामुळे त्याच्या देहाला घनता येते, त्या छाया या मूर्तीला निसर्गतः लाभतच नाहीत. म्हणून लाल डगला लाल, तपकिरी चामडे तपकिरी आणि हिरवी कातडी हिरवी अशा इमानाने, कोठेही रेघेबाहेर न जाता रंगविलेली मूर्ती सदोष नसते, तरीही सपाट दिसते. रंगविणाऱ्याने पहिला रंग बाटलीतून काढण्यापूर्वी सूर्य कोठे आहे ते ठरवावे, आणि एकदा ठरविलेल्या त्या सूर्याचा अंमल टोपापासून टाचेपर्यंत सारखा चालवावा. या प्रकरणात ज्या ज्या पद्धतींचा विचार करावयाचा आहे त्या सर्व या एका निर्णयाच्या सेवक आहेत. निर्णयच झाला नसेल, तर त्यांतली कोणतीही पद्धत, ती हातात कितीही मुरलेली असली, तरी मूर्ती उभी करू शकत नाही.

या कलेला आजचे रूप आले ते मुख्यतः इंग्लंडात. पार्श्वभूमी अशी : १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा अद्भुतरम्य खेळ निघाला. १९७५ साली लंडनमध्ये तिघा मित्रांनी गेम्स वर्कशॉप ही संस्था काढली. तिच्याशी संलग्न असलेल्या सिटाडेल मिनिएचर्सचा धातूच्या मूर्ती ओतण्याचा व्यवसाय त्याच दशकाच्या अखेरीस नॉटिंगहॅमजवळच्या न्यूअर्क या गावी सुरू झाला. आणि १९८३ साली या मूर्तींसाठी ‘वॉरहॅमर’ हा पटावरचा युद्धखेळ प्रसिद्ध झाला. १९८७ साली गेम्स वर्कशॉपने ‘गोल्डन डेमन’ ही रंगकामाची स्पर्धा भरविण्यास आरंभ केला, जिच्यातील सर्वश्रेष्ठ मूर्तीच्या कर्त्याला पारितोषिक म्हणून खरीखुरी तलवार दिली जाते. संस्थेच्या पदरी असलेल्या ‘एव्ही मेटल’ या चित्रकारांच्या चमूने स्वच्छ, भडक रंग आणि प्रत्येक कडेवर ओढलेली उजळ रेघ यांचा शिरस्ता पाडला, तर त्याच संस्थेत कला-दिग्दर्शक असलेल्या जॉन ब्लँश यांनी तपकिरी, काळवंडलेल्या, जुन्या तैलचित्रासारख्या छटांचा मार्ग धरला. पुढे फ्रान्स आणि स्पेन येथील चित्रकारांनी प्रकाशाचा विचार आणखी सूक्ष्म केला. मला स्वतःला ब्लँश यांचा मार्ग अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात अंधाराला मान आहे. परंतु शिकणाऱ्याने दोन्ही मार्गांचे नमुने समोर ठेवावेत, कारण सूर्य ठरविण्याची शिस्त दोहोंतही तितकीच कडक आहे.

पूर्वतयारीविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे, मात्र तीत हयगय चालत नाही. आरंभीच्या मूर्ती शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूच्या असत. आजच्या बहुतेक पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच्या किंवा रेझिनच्या असतात. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे मूर्तीवर बारीक उंचवट्याची रेघ राहते. ती धारदार पात्याच्या पाठीने खरवडून काढली नाही, तर पुढे कितीही नाजूक रंगकाम केले तरी प्रकाशाची छटा नेमकी त्या रेघेवर अडकते आणि चेहऱ्याच्या मधोमध व्रण उमटतो. रेझिनच्या मूर्तीवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा तेलकट अंश असतो, म्हणून ती साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी. त्यानंतर अस्तर, म्हणजे प्रायमर. तुषाररूपाने मारावयाचे अस्तर २० ते ३० सेंटिमीटरांवरून, हात न थांबविता, हलक्या झोताने द्यावे. डबा फार दूर धरला किंवा हवा फार उष्ण असली तर तुषार मूर्तीवर पोहोचण्याआधीच वाळतात आणि पृष्ठभाग बारीक वाळू चिकटल्यासारखा खरखरीत होतो, आणि हवा दमट असली तर अस्तरावर पांढुरकी धूसरता येते. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्या रंगविणाऱ्याने जून ते सप्टेंबर या काळात तुषाराचा डबा कपाटात ठेवून कुंचल्याने लावण्याचे अस्तर वापरावे, हेच शहाणपणाचे.

अस्तराच्या वेळीच सूर्याची स्थापना करण्याची एक सुंदर रीत आहे. प्रथम संपूर्ण मूर्तीला काळे अस्तर द्यावयाचे, ते वाळल्यावर बाजूने नव्हे तर डोक्यावरून, सुमारे ४५ अंशांतून करडे, आणि शेवटी थेट माथ्यावरून अगदी थोडे पांढरे. पांढरे तुषार जेथे जेथे पोहोचतात तेथे तेथे आकाशाचा प्रकाश पोहोचला असता, आणि जेथे काळे तसेच उरते तेथे सावली पडली असती. म्हणजे मूर्तीचा कोणता भाग उजळ ठेवावा आणि कोणता गडद, याचा नकाशा तुषारांनीच आपल्याला काढून दिलेला असतो. त्यावर पातळ, पारदर्शक रंग दिले की खालचा छायाप्रकाश वर दिसत राहतो. ही युक्ती नवी म्हणून सांगितली जाते, पण तिचे कूळ पुष्कळ जुने आहे : सुमारे १४०० साली इटलीतील चेन्निनो चेन्निनी याने चित्रकारांसाठी लिहिलेल्या ग्रंथात मानवी कांतीखाली आधी हिरव्या मातीचा थर द्यावा, असे फर्माविले आहे, आणि काही चित्रकार आधी करड्या छटांत संपूर्ण चित्र पुरे करून मग त्यावर रंगांचे पारदर्शक थर चढवीत. २०१९ साली गेम्स वर्कशॉपने बाजारात आणलेले ‘कॉन्ट्रास्ट’ रंग याच तत्त्वावर काम करतात. एकाच हातात खळग्यांत गडद आणि उंचवट्यांवर फिकट अशी छटा ते देतात. शंभर सैनिकांची पलटण महिन्याभरात पटावर उतरवावयाची असेल तर त्यांच्यासारखे साधन नाही. मात्र सावली कोठे पडावी हे ते रंग मूर्तीच्या खळग्यांना विचारून ठरवितात, सूर्याला विचारून ठरवीत नाहीत. म्हणून ज्याला आपला हात सुधारावयाचा आहे त्याने त्यांच्यावर विसंबून राहू नये.

आता पाण्याकडे वळू, कारण या कलेत रंगाइतकीच सत्ता पाण्याची आहे. आजचे लघुमूर्तींचे रंग अ‍ॅक्रिलिक असतात. रंगद्रव्याचे सूक्ष्म कण आणि अ‍ॅक्रिलिक बहुवारिकाचे त्याहून सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते थेंब एकमेकांत मिळून एक अखंड पापुद्रा बनवितात, आणि हा पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. जलरंगात वरचा हात देताना खालचा रंग उठून येण्याची भीती असते. अ‍ॅक्रिलिकमध्ये ती नसते, आणि म्हणूनच एकावर एक दहा-बारा पारदर्शक थर चढविण्याची मुभा त्यात मिळते. पण पापुद्रा अर्धवट बनलेला असताना त्याच जागी कुंचला फिरवला तर तो फाटतो, गोळा होतो, आणि ती जागा खडबडीत होऊन बसते. रंगाचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही श्रेयस्कर, हे या छंदातले सर्वांत प्रसिद्ध वचन आहे. त्यात एवढीच भर घालतो, की पहिला हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये, आणि पहिल्या हातातून अस्तर डोकावते म्हणून घाबरूही नये. पायाच्या रंगाला साधारण रंगाइतकेच पाणी लागते. सावलीकडून उजेडाकडे नेणाऱ्या ग्लेझ या अतिविरळ थराला रंगाच्या पाच ते आठ पट पाणी किंवा माध्यम, म्हणजे रंगद्रव्य नसलेले अ‍ॅक्रिलिक बंधक. निव्वळ पाणी एवढे घातले तर बंधक द्रव्य इतके विरळ होते की वाळलेला रंग बोटाला लागतो, म्हणून अर्धे पाणी आणि अर्धे अ‍ॅक्रिलिक माध्यम घ्यावे. रंग ओले ठेवण्यासाठी उथळ डब्यात भिजवलेला स्पंज आणि त्यावर ताणून बसवलेला बटर पेपर एवढी घरगुती तजवीज पुरते. खालची ओल कागदातून हळूहळू वर येत राहते आणि आपल्या हवेत एरवी पाच मिनिटांत सुकणारा रंग तासन् तास कामाचा राहतो.

पातळ रंग वापरू लागलेल्या प्रत्येकाला एक संकट भेटते : रंग वाळल्यावर त्याच्या मध्यभागी फिकट डाग आणि कडेला गडद कडे दिसू लागते. याचे कारण शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये सप्रमाण मांडले. सांडलेल्या कॉफीचा थेंब वाळला की कडेलाच काळसर वर्तुळ का उरते, असा त्यांचा प्रश्न होता. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून एका जागी खिळलेली असते. कडेजवळचे पाणी सर्वांत वेगाने उडते. ती तूट भरून काढण्यासाठी मधले पाणी सतत कडेकडे वाहते, आणि वाहताना आपल्याबरोबर कण घेऊन जाते. चिलखताच्या पत्र्यावर साचलेल्या वॉशच्या, म्हणजे खळग्यांत सावली आणण्यासाठी दिलेल्या पातळ रंगाच्या, थेंबात नेमके हेच घडते. हे कारण ज्याला कळले त्याला उपाय वेगळे पाठ करावे लागत नाहीत. कुंचला रंगात बुडविल्यावर तो मूर्तीकडे नेण्याआधी कागदी रुमालावर एकदा टेकवावा, म्हणजे जादा पाणी निघून जाते आणि मूर्तीवर थेंब न पडता ओलाव्याची पातळ पट्टी उमटते, जी कडे बनण्याइतका वेळ ओली राहतच नाही. वॉश सपाट भागावर साचला असेल तर तो वाळण्यापूर्वी स्वच्छ, किंचित ओलसर कुंचल्याच्या टोकाने शोषून घ्यावा. आणि तिसरी गोष्ट, जी माझ्या मते या संपूर्ण विद्येची किल्ली आहे : कुंचला जेथे उचलला जातो तेथे रंगद्रव्य सर्वाधिक उरते, म्हणून ग्लेझ देताना हात नेहमी जिकडे रंग दाट हवा तिकडे ओढावा. सावली गडद करावयाची असेल तर उजेडाकडून सावलीकडे. प्रकाश वाढवावयाचा असेल तर सावलीकडून उजेडाकडे. एवढा एक नियम महिनाभर पाळला तरी दोन छटांमधली पायरी नाहीशी होऊ लागते.

कुंचल्याबाबत एक गैरसमज फार रूढ आहे, तो असा की बारीक कामाला बारीकात बारीक, तीन शून्यांचा कुंचला लागतो. तीन शून्यांच्या कुंचल्यात रंग इतका थोडा मावतो की तो मूर्तीपर्यंत पोहोचेतो टोकावरच वाळतो. बारीकपणा टोकाच्या अणकुचीदारपणात असतो, कुंचल्याच्या जाडीत नसतो. चांगल्या टोकाचा १ क्रमांकाचा कुंचला डोळ्याच्या बाहुलीपासून झग्याच्या घेरापर्यंत सर्व कामे करतो, कारण त्याच्या पोटात ओलावा टिकतो. या कामासाठी जगभर नावाजलेले कुंचले कोलिन्स्कीच्या, म्हणजे सायबेरियन विझलाच्या शेपटीच्या केसांचे असतात. विन्सर अँड न्यूटन या लंडनच्या पेढीने १८६६ साली व्हिक्टोरिया राणीसाठी बनविलेली ‘सीरीज सेव्हन’ ही मालिका त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. हा प्राणी आपल्या हिमालयातही राहतो, आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश भारताच्या मागणीवरून झाला आहे. आपल्याकडे चित्रकारांत पूर्वापार मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांची वहिवाट होती; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये मुंगसाची शिकार आणि त्याच्या केसांचा व्यापार हा आता गुन्हा आहे, आणि असा कुंचला कोणी गुपचूप पुढे केला तर तो घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. कृत्रिम तंतूंचे कुंचले आता पुष्कळ सुधारले आहेत. त्यांचे टोक लौकर वाकते खरे, पण शिकण्याच्या काळात ते उत्तम सेवा देतात. कोणताही कुंचला असो, रंग त्याच्या धातूच्या पट्टीपर्यंत चढू देऊ नये, कारण तेथे वाळलेला अ‍ॅक्रिलिक पुन्हा निघत नाही आणि केस कायमचे फाकतात.

आता एक लाल झगा रंगवू. सूर्य मूर्तीच्या डाव्या खांद्याच्या वर आणि किंचित पुढे आहे असे धरू. पायाला किरमिजी रंगात थोडा तपकिरी मिसळून दोन पातळ हात द्यावेत. बहुतेक जण यानंतर सावलीसाठी त्यात काळा आणि उजेडासाठी पांढरा मिसळतात. परिणामी सावली धुरकट होते आणि उजेड गुलाबी होतो, आणि सेनापतीच्या अंगावर लाल झग्याऐवजी फिकटलेला गुलाबी पडदा आल्यासारखे वाटते. लाल सावलीत गेला तरी त्याने लालपण सोडता कामा नये, म्हणून सावलीसाठी त्यात त्याचाच विरोधी रंग, म्हणजे गडद हिरवा, थेंबभर मिसळावा. लाल काळवंडतो, पण मरत नाही. उजेडासाठी नारिंगी, त्याच्याही पुढे नारिंगीत हस्तिदंती, आणि तोही केवळ डाव्या खांद्यावरच्या तीन-चार चुण्यांच्या माथ्यावर. उजव्या बाजूच्या चुण्या कितीही उंच असल्या तरी त्यांना नारिंगीच्या पलीकडे जाऊ देऊ नये, कारण त्या सूर्याकडे पाठ करून उभ्या आहेत. येथेच बहुतेकांचा संयम सुटतो : प्रत्येक उंचवटा दिसला की त्यावर उजळ रेघ ओढण्याचा मोह होतो, आणि सर्वच जागा उजळल्या की कोणतीच उजळ दिसत नाही.

शेजारचा रंग काय आहे यावर रंगाची योग्यता ठरते, ही गोष्ट मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सिद्ध केली. पॅरिसच्या गोब्लाँ या शाही विणकामशाळेत तो रंगाई विभागाचा प्रमुख होता, आणि तेथील काळा रंग निस्तेज असल्याच्या तक्रारी त्याच्याकडे येत. काळ्या रंगात काहीच दोष नाही, निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तो निस्तेज भासतो, असे त्याला आढळले, आणि त्या शोधाचे सविस्तर विवेचन त्याने १८३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. लघुमूर्तीवर सर्व रंग एकमेकांपासून एक-दोन मिलिमीटरांच्या अंतरावर नांदतात, त्यामुळे येथे शेव्हरलचा नियम मोठ्या चित्राहून अधिक कठोरपणे लागू होतो. लाल झगा पुरेसा तेजस्वी वाटत नसेल, तर त्यात आणखी लाल घालण्यापूर्वी त्याच्या शेजारचे चामडे आणि पायाखालची जमीन हिरवट-करड्याकडे झुकवून पाहावी. आणि छटांच्या उजळपणाचा हिशेब पडताळण्यासाठी मूर्तीचे कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. रंगीत असताना निरनिराळे वाटणारे लाल, हिरवा आणि तपकिरी त्यात एकाच करड्या रंगाचे निघाले, तर समजावे की रंग निवडले गेले आहेत, प्रकाश अजून ठरलेला नाही. यासाठी दिवाही विश्वासाचा हवा : ५००० ते ६५०० केल्व्हिनचा, आणि रंग जसेच्या तसे दाखविण्याचा निर्देशांक ९० च्या वर असलेला.

रेशीम, घोंगडी आणि कमावलेले चामडे यांवर एकच प्रकाश तीन प्रकारांनी पडतो. रेशमावर छटा गुळगुळीत ग्लेझने मिळवाव्यात; घोंगडीवर मात्र त्याच छटा बारीक, आडव्या-उभ्या रेघांनी आणि टिंबांनी उभ्या कराव्यात, म्हणजे डोळ्याला विणीचा भास होतो. मोगल आणि राजपूत लघुचित्रकार चेहऱ्याची गोलाई सूक्ष्म टिंबे आणि केसाएवढ्या रेघा एकमेकींजवळ ठेवून साधीत. त्या पद्धतीला ते पर्दाज म्हणत, आणि ज्याला मूर्तीवर पोत उमटविण्याची विद्या हवी आहे त्याने संग्रहालयात जाऊन अशी चित्रे भिंगाखाली पाहावीत. चामड्याला कडांशी झिजलेल्या आखूड रेघोट्या आणि मध्ये एखादा ओरखडा पुरतो. केसाळ कातडी आणि कडीदार चिलखत यांच्यासाठी जवळजवळ कोरडा कुंचला हलकेच फिरविण्याची रीत आहे. ती जलद असते, पण गुळगुळीत पृष्ठभागावर पिठूळ दिसते, म्हणून चेहऱ्यावर ती कधीही वापरू नये.

धातू हा या कलेतील सर्वांत मानाचा विषय. चकाकणारे धातुरंग अभ्रकाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म पापुद्र्यांमुळे चकाकतात. हे पापुद्रे इतर रंगांत गेले तर चेहऱ्यावरही चमक येते, म्हणून त्यांच्यासाठी पाण्याचे भांडे वेगळे ठेवावे. पण मूर्ती हातात फिरविली की ती चमकही फिरते, आणि आपण ठरविलेल्या सूर्याशी तिचे जमत नाही. म्हणून धातुरंग मुळीच न वापरता निव्वळ करड्या, निळ्या, तपकिरी रंगांनी धातूचा आभास निर्माण करण्याची पद्धत निघाली. तिचे मर्म असे, की गुळगुळीत धातूला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो, तो सभोवतीचे जग परत दाखवितो. पोलादी टोपाच्या वरच्या भागात आकाश, म्हणजे फिकट निळसर करडा; मधे क्षितिज, म्हणजे एकदम जवळजवळ काळी पट्टी; आणि तिच्याखाली जमिनीचा उबदार तपकिरी. कापडावर छटा हळूहळू बदलतात, धातूवर अत्यंत गडद आणि अत्यंत उजळ या छटा एकमेकींना खेटून येतात, आणि ही उडीच डोळ्याला धातू म्हणून पटते. तलवारीच्या पात्याला मधोमध शीर असते. तिच्या एका अंगाला मुठीशी गडद आणि टोकाशी उजळ असे रंगविले, तर दुसऱ्या अंगाला नेमके उलट रंगवावे. सोन्यासाठी पिवळ्या रंगावर भिस्त ठेवू नये. सोन्याचा बहुतेक भाग गडद तपकिरी आणि गेरूसारखा असतो, पिवळा त्यात थोडा येतो आणि पांढरा केवळ टाचणीच्या टोकाएवढा. घरातला स्टीलचा डाव खिडकीजवळ धरून पाच मिनिटे नीट पाहिला, तर यातला बराचसा भाग पुस्तकावाचून समजतो.

शेवटी चेहरा आणि डोळे. माणसाच्या उघड्या डोळ्याची रुंदी सुमारे ३० मिलिमीटर. साठाने भागल्यावर ती अर्धा मिलिमीटर उरते, आणि मूर्तिकाराने मस्तक मोठे केले असले तरी एक मिलिमीटरच्या पुढे क्वचितच जाते. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत बाकीचे रंगकाम अनेक हात करतात, पण डोळ्यांची आखणी मुरलेल्या कारागिरासाठी राखलेली असते, कारण तेथे चुकलेली रेघ साऱ्या मूर्तीचा भाव बदलते. आपल्या अंगठ्याएवढ्या योद्ध्यालाही हाच नियम लागू आहे. डोळे चेहऱ्याच्या आधी रंगवावेत, म्हणजे चूक झाली तर ती कातडीच्या रंगाखाली झाकता येते. प्रथम डोळ्याची संपूर्ण खोबण गडद तपकिरी करावी, काळी नव्हे. त्यात हस्तिदंती रंगाची आडवी, दोन्ही टोकांना निमुळती रेघ द्यावी. शुद्ध पांढरा रंग दिला तर डोळे वटारलेले दिसतात. बाहुली टिंबाने न देता वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत पोहोचणाऱ्या उभ्या रेघेने द्यावी, कारण बाहुलीच्या वरखाली पांढरे दिसले की चेहऱ्यावर भय उमटते, जे रणात उतरणाऱ्या सरदाराला शोभत नाही. हे काम करताना आपली दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवून टेबलावर विसावलेली असावीत, आणि मूर्तीच्या दोन्ही डोळ्यांची नजर किंचित एका बाजूला वळलेली असावी. समोर रोखलेली नजर दोन्ही बाजूंना समान साधणे अत्यंत अवघड असते. त्यानंतर पापण्यांभोवती कातडीचा रंग आणून आकार नेटका करावा, कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाची हाडे सूर्याच्या बाजूने उजळवावीत, आणि ऑर्कसारख्या हिरव्या जातीच्या खालच्या ओठाला, नाकाला व हाताच्या सांध्यांना तांबूस जांभळ्या रंगाचा अगदी पातळ ग्लेझ द्यावा, म्हणजे कातडीखाली रक्त असल्याची खूण पटते.

वार्निशशिवाय हे काम टिकत नाही, कारण पटावर मूर्ती शेकडो वेळा उचलली जाते आणि प्रथम झिजतात त्या नेमक्या त्याच कडा, जेथे आपण सर्वांत उजळ छटा ठेवलेली असते. चकाकी न देणारे मॅट वार्निश पातळ करून दोन हात द्यावे. जाड दिले तर खळग्यांत साचून पांढरे पडते. मॅट वार्निशने सर्वच पृष्ठभाग सारखे निस्तेज होतात, म्हणून ते पूर्ण वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी, चकाकणारे वार्निश कुंचल्याच्या टोकावर घेऊन दोन्ही डोळ्यांवर, खालच्या ओठावर, मुठीतल्या रत्नावर आणि रक्ताचा डाग असेल तर त्यावर एकेक स्पर्श करावा. मोठी हिरवी तकतकीत जीभ बाहेर काढलेला राक्षस असेल, तर तिलाही.